बस्ता आणि बाशिंग : परांड्याकडील नवरीच्या साजाची हकीकत

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, परांडा तालुक्यात, सोनारी नावाचे जे गाव आहे ते काळभैरवनाथाच्या ठाण्यामुळे महाराष्ट्रात सर्वदूर परिचित आहे. आणि ज्या असंख्य घराण्यांचे हे कुलदैवत, त्यांच्या घरचे लग्न मंगलाष्टके म्हणून झाली व अक्षता पडल्या एवढ्याने पुरे झाले असे कोणी मानीत नाही, तर उपरण्याला शेल्याची गाठ मारलेल्या त्या जोडप्याने नाथाच्या आणि जोगेश्वरीच्या पायी नारळ ठेवला, तुळजापूरच्या आईच्या नावाने घरी गोंधळ घातला, म्हणजे मगच ते कार्य सिद्धीस गेले असे समजतात. देव स्वतः गृहस्थ असल्याने लग्नकार्याविषयी या पंथाला मुळातच जिव्हाळा आहे. माण देशात म्हसवडला याच देवाचे रूप मानल्या जाणाऱ्या सिद्धनाथाचे आणि जोगेश्वरीचे लग्न कार्तिकात तुळशीविवाहाच्या सुमारास लागते व मार्गशीर्षाच्या प्रतिपदेस देवाचा रथ निघतो. सोनारीचा रथ निघतो तो चैत्रात, म्हणजे सुगी आटोपून घरोघर लग्नाची बोलणी चाललेली असतात त्या दिवसांत. तेव्हा या मुलखातील नवरी काय ल्याली आणि काय नेसली याचा शोध घ्यावयाचा, तर शहरातील झगझगीत दुकानांपेक्षा या देवळाची वाट धरणे अधिक योग्य, असे मला वाटते.

आजकाल या वाटेवर जी जोडपी दिसतात त्यांचा साज पाहिला म्हणजे दोन गोष्टी एकदम ध्यानात येतात. एक, नवरीने जुन्या गोष्टींकडे मोठ्या हौसेने तोंड वळविले आहे : शिवलेली नऊवारी, मोत्यांच्या मुंडावळ्या, नथ, चंद्रकोर, खांद्यावर शेला, नवऱ्याला पगडी किंवा फेटा, मांडवाच्या दारात तुतारी. दुसरी गोष्ट, ही हौस आता एका सूत्रात ओवून विकत मिळते. त्या सूत्राला थीम म्हणतात, आणि पेशवाई थीम, राजवाडा थीम, शिवकालीन थीम अशा नावांनी मंगल कार्यालयाच्या सजावटीपासून करवल्यांच्या ब्लाउजपर्यंत सगळे त्याच एका रंगात रंगविले जाते. हळदीला सर्वांनी पिवळे, मेहंदीला हिरवे, लग्नाआधीची छायाचित्रे किल्ल्याच्या बुरुजावर किंवा उसाच्या फडात, असा हा क्रम ठरून गेला आहे. या हौसेला नावे ठेवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. मुलगी स्वतःच्या लग्नात स्वतःची आवड सांगते, हे या मुलखात दोन पिढ्यांपूर्वी घडत नव्हते. प्रश्न एवढाच आहे की, परंपरा म्हणून जे विकत घेतले जाते ते कोणत्या परंपरेतले, आणि परांडा-बार्शीच्या नवरीची म्हणून जी स्वतःची परंपरा होती ती कोठे गेली.

त्या परंपरेचा आरंभ यादीने होत असे. सोयरीक जमली, सुपारी फुटली, की दोन्हींकडील कर्ती माणसे, गावचा पाटील आणि कुळकर्णी, चावडीवर किंवा देवळात बसून याद करीत. कोणी काय द्यावयाचे, कोणाचा मान कोणता, वऱ्हाड किती, हे सारे कागदावर उतरे. यादीनंतर बस्ता. बस्ता बांधणे म्हणजे दोन्हींकडच्या मंडळींनी एकत्र बाजाराच्या गावी जाऊन, एकाच कापडदुकानाच्या गादीवर बसून, नवरा-नवरीपासून मानकऱ्यांपर्यंत सर्वांचे कापड एका वेळी खरेदी करणे. परांड्याकडच्या लोकांचा बाजार बार्शीचा, आणि येथेच या भागाच्या इतिहासातील एक विलक्षण अडचण उभी राहते. कारण 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत परांडा तालुका निजामाच्या अमलाखाली उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात होता, तर बार्शी इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात. अंतर बैलगाडीच्या एका दिवसाचे; पण मध्ये राज्याची हद्द. अलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले, पलीकडे इंग्रजी कलदार रुपया. आणि सात हालीला सहा कलदार हा हिशेब शेतकऱ्याला तोंडपाठ ठेवावा लागे. त्यावर संस्थानच्या करोडगिरीचे नाके. पलीकडून येणाऱ्या मालावर जकात द्यावी लागत असल्यामुळे, मुलीच्या बापाने बार्शीला बांधलेला बस्ता त्याला दुकानात एका भावाने पडे आणि घरी आणीपर्यंत दुसऱ्या.

या हद्दीचा परिणाम नवरीच्या अंगावर प्रत्यक्ष दिसे, ही गोष्ट वस्त्रांविषयी लिहिणाऱ्यांनी फारशी लक्षात घेतलेली नाही. नारायणपेठ हे विणकरांचे गाव आज तेलंगणात असले तरी त्या काळी ते निजामाच्याच राज्यात होते. म्हणून बारीक चौकड्यांची, रेशमी काठाची नारायणपेठी ही परांड्याच्या लोकांना घरची. इरकल आणि गुळेदगुड्ड मात्र तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. तेथील लुगडे आणि खण सोलापूर-बार्शीमार्गे हद्द ओलांडून येत. तरीही ते येत, आणि मानाचे समजले जात. त्याला कारणही तसेच होते. इरकली लुगड्याच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा निराळा लावून दोन्ही सुतांच्या फासांनी एकमेकांत अडकवितात, म्हणजे सुती अंगाला रेशमी तांबडा पदर असा जडतो की जोड हाताला लागतो पण डोळ्यांना दिसत नाही. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला सुताचा टिकाऊपणा आणि चारचौघांत रेशमाची प्रतिष्ठा, दोन्ही त्यात मिळत. 1877 साली सोलापुरात कापडाची गिरणी सुरू झाली आणि 1897 साली बार्शीला अरुंद मापाची रेल्वे आली, त्यानंतर गिरणीचे स्वस्त कापडही बस्त्यात शिरले. परंतु नवरीच्या लुगड्याच्या बाबतीत मागावरच्या विणीचा मान पुष्कळ काळ अबाधित राहिला.

प्रत्यक्ष अक्षतेच्या वेळी मात्र नवरीच्या अंगावर यांपैकी काहीही नसे. मामाने आणलेली पिवळी, म्हणजे साध्या सुती कापडाची हळदीच्या पाण्यातून काढलेली अष्टपुत्री, नेसून ती पाटावर उभी राही. पाटलाची लेक असो की कुळाची, त्या घटकेपुरते वस्त्र तेच. पैठणी ही त्या कथेत क्वचितच येई. गोदाकाठच्या पैठणात विणले जाणारे, नंतर येवल्याला वाढलेले ते जरीचे वस्त्र सरदार-दरकदार आणि धनिक सावकार यांच्या घरचे. सामान्य कुणब्याच्या घरी पैठणी ही ऐकण्यातली वस्तू. आज पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती सर्व महाराष्ट्राच्या नवरीची खूण बनली आहे, हा त्या विणकरांच्या कौशल्याचा उचित गौरवच होय. पण सीना नदीच्या या खोऱ्यातील आजीची लग्नातली पैठणी म्हणून जी आठवण आता सांगितली जाते, तिच्या जागी बहुधा अष्टपुत्री, इरकली किंवा नारायणपेठी होती हे विसरू नये.

दागिन्यांतही हाच विवेक दिसतो. गळ्यात काळी पोत आणि डोरले, ऐपत असल्यास ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, सरी, पायांत जोडवी. यांतील पुष्कळसे दागिने लाखेवर सोन्याचे पातळ पत्रे चढवून केलेले असत. कारण पाऊस बेभरवशाचा असलेल्या या मुलखात सोने हे अलंकार कमी आणि दुष्काळाची तरतूद अधिक. मोत्यांच्या मुंडावळ्यांऐवजी कपाळावर येई ते बाशिंग. कागदाचे, बेंडाचे, त्यावर बेगड आणि रंगीत लोकर. इतके भरघोस की नवरीला मान वळवावयाची तर खांद्यासकट वळावे लागे. ते डोक्यामागे दोऱ्यांनी आवळून बांधीत, आणि ते बांधण्याचा मानही कोणाचा हे ठरलेले असे. नवरदेव बाशिंग बांधून परण्या निघे, म्हणजे गावच्या मारुतीला जाई, आणि तेथून वाजतगाजत मांडवात येई. अक्षता जोंधळ्याच्या. तांदूळ पिकत नसलेल्या प्रदेशात कुंकवात रंगविलेला जोंधळाच नवरा-नवरीच्या माथ्यावर पडे, आणि अजूनही कित्येक गावांत पडतो.

हा सारा साज कोणाच्या हातचा होता, हे पाहिल्यावाचून त्याचे खरे स्वरूप कळत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदार-अलुतेदारांच्या कामांची आणि हक्कांची जी तपशीलवार नोंद केली आहे, ती वाचताना ध्यानात येते की लग्न हा सबंध गावाच्या कसबाचा मेळ होता. कुंभार बहुल्याची मडकी देई, सुतार पाट आणि मुहूर्तमेढ घडवी, परीट पायघड्या घाली, गुरव पत्रावळी पुरवी, न्हावी नवरदेवाची हजामत करून त्याच्यापुढे आरसा धरी, चांभार नवा जोडा आणी, मांगाची हलगी आणि सनई वऱ्हाडापुढे चाले, जोशी घटिकापात्रावर नजर ठेवून मुहूर्त सांगे. आणि या प्रत्येकाला धान्याचा, खोबऱ्याच्या वाटीचा, कापडाचा किंवा रोख पैशाचा हक्क होता. सरकारही त्यात वाटेकरी असे. मराठा अमलात लग्नटका आणि पुनर्विवाहावर पाटदाम अशा पट्ट्या वसूल होत असत, म्हणजे मांडव पडला की त्याची दखल दफ्तरातही होई.

कासाराचे काम मला यात सर्वांत हृद्य वाटते. हळदीच्या आदल्या दिवशी तो बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून येई व ओसरीवर बैठक मारी. नवरीचा पंजा तो आपल्या हातात घेई, बोटांची पेरे एकेक करून चोळी, अंगठा हळूहळू दाबत करंगळीच्या मुळाकडे नेई, आणि पंजाचे हाड मिटले की जी बांगडी मुठीलाही पुरणार नाही असे पाहणाऱ्याला वाटे ती एका श्वासात मनगटावर उतरवी. सैल बांगडी हा त्याला कमीपणा. पोरीच्या डोळ्यांत पाणी येई, भोवतालच्या बायका तिला बोलण्यात गुंतवीत. हिरवा चुडा भरून झाला की ती दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार करी, आणि मग घरच्या, भावकीतल्या, शेजारच्या सवाष्णींना लग्नघराच्या खर्चाने बांगड्या भरल्या जात. त्याच सुमारास दुसरीकडे जात्याला हळकुंड बांधून बायका घाणा भरीत आणि दळताना ओव्या गात. देवाधर्माच्या मंत्रांइतकेच महत्त्व या गाण्यांना होते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही, कारण ब्राह्मणाची मंगलाष्टके नवरीला कळत नसत आणि या ओव्या मात्र तिच्या माहेराविषयी आणि तिच्या पुढच्या आयुष्याविषयी बोलत असत.

या चित्राला काळी बाजू होती आणि ती झाकून ठेवणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. हक्क म्हणजे उतरंड. ज्या हलगीवाचून वरात निघत नसे तिच्या वाजविणाऱ्याची पंगत मांडवाबाहेर, आणि त्याच्या स्वतःच्या मुलाने घोड्यावर बसून परण्या काढावा हे गावाला सहन होत नसे. नवरी पुष्कळदा दहा-बारा वर्षांची. तिला अष्टपुत्रीचा काठ कसा असावा हे कोणी विचारीत नसे, नवरा कसा असावा हे तर नाहीच. या सर्वांना पहिला धक्का जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने दिला. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात भटजीवाचून, अत्यल्प खर्चात पहिला सत्यशोधक विवाह लागला. बालविवाहाला बंदी करणारा शारदा कायदा 1930 च्या एप्रिलपासून ब्रिटिश हद्दीत अमलात आला. आणि 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध विवाहपद्धतीने तर साजाचीच नवी कल्पना मांडली : नवरा-नवरी दोघेही शुभ्र वस्त्रांत, पुढे तथागताची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, आणि फुलांच्या माळा. आजच्या भाषेत बोलावयाचे तर या मुलखात एका विचाराने ठरविलेला, पायापासून माथ्यापर्यंत एकरंगी असा पहिला विवाहसाज हाच, आणि तो कोणी विकत दिलेला नव्हता. लोकांनी स्वतः विचारपूर्वक स्वीकारला होता.

लग्नाच्या खर्चाने शेतकरी बुडतो, हा आरोपही जुनाच आहे. 1875 साली सुपे येथे सुरू होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या सावकारविरोधी दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर हाच मुद्दा आला, तेव्हा लग्नकार्यावरील खर्चाला ऋणाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक प्राधान्य दिले जाते असा निर्वाळा त्या आयोगाने दिला. साऱ्याचा तगादा, बियाणे, पोटाची खळगी अशा लहान-लहान नित्याच्या गरजा आणि व्याजाचा दर यांनीच कुळ अधिक बुडत होते. हा निर्वाळा आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. मात्र त्या वेळच्या खर्चाचा मोठा भाग धान्याच्या रूपाने गावातच फिरत होता, रोख पैशाने गावाबाहेर जात नव्हता, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

पुढचा पालट झपाट्याने झाला. करोडगिरीचे नाके उठले, हाली सिक्का चलनातून गेला, वऱ्हाड बैलगाड्यांतून उतरून एसटीच्या प्रासंगिक कराराच्या गाडीत बसले, पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांच्या जागी विजेची रोषणाई आली, आणि बलुत्याची पद्धत मोडत गेली. नऊवारी जाऊन पाचवारी गोल साडी आली, अक्षतेला अष्टपुत्रीच्या जागी बनारसी शालू आला. हलगीच्या पुढे बँड आणि बँडच्या पुढे ध्वनिक्षेपक. 1994 साली आलेल्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटानंतर नवऱ्याचे जोडे लपविण्याची उत्तरेकडील गंमत मराठवाड्याच्या मांडवातही रूढ झाली, मेहंदी आणि संगीत आले. 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’ने नऊवारीला आणि नथीला नवी झळाळी दिली.

पेशवाई थीम म्हणून जे ओळखले जाते त्याच्या मुळाशी पुणे दरबारातील लग्नांची स्मृती आहे. विशेषतः 1783 साली नाना फडणिसांनी सवाई माधवरावांचे जे लग्न केले, त्याच्या व्यवस्थेची जी प्रदीर्घ याद प्रसिद्ध आहे, तीत पंगतीच्या रांगोळीपासून पाहुण्यांच्या सरबराईपर्यंत बारीकसारीक सूचना आढळतात. ते वैभव खरे होते. पण ते एका राज्यकर्त्याच्या घरचे होते. आणि परांड्याचा मुलूख त्या दरबाराच्या छायेत नव्हे तर बहुतांशी बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि शेवटी असफजाही अमलाखाली वाढला. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने ज्या परांड्यात काही काळ निजामशाहीची गादी सांभाळली, त्या किल्ल्याच्या तटावर उभे राहून नवरीने शनिवारवाड्याचा साज करावा, यात पाप काही नाही. परंतु तिच्या स्वतःच्या भूमीने तिला पुण्याहून उसने घ्यावे लागेल इतके दरिद्री ठेवलेले नाही, एवढे तिला कोणी सांगितलेले नसते, याची मला खंत वाटते.

या जिल्ह्याच्या लग्नपरंपरेत किती सुंदर आणि अनपेक्षित गोष्टी आहेत, याचे एक उदाहरण द्यावयाचे तर धाराशिवजवळच्या उपळा गावाचे देता येईल. तेथे सुमारे बत्तीस एकर जमीन महसुली दफ्तरात माकडांच्या नावे लागलेली आहे, आणि गावात लग्न असले की आधी माकडांना आहेर द्यावयाचा व मगच पुढचे विधी करावयाचे, अशी चाल होती. अलीकडे ती सर्वजण पाळत नाहीत. सोनारीच्या देवळाभोवती ज्यांनी माकडांच्या टोळ्या पाहिल्या आहेत आणि त्यांच्यापुढे फुटाणे टाकले आहेत, त्यांना या चालीतील भाव सहज उमजेल. मंगलकार्यात मुक्या प्राण्याचाही हिस्सा असावा, ही कल्पना कोणत्याही सजावटकाराच्या यादीत मिळणार नाही.

म्हणून ज्या मुलींची लग्ने या वर्षी ठरली आहेत त्यांना एवढेच सांगावयाचे आहे. थीम अवश्य करा. पण ती ठरविण्यापूर्वी आपल्या घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ तासभर बसा आणि तिने अक्षतेला काय नेसले होते, बाशिंग कोणी केले होते, घाण्याला कोणत्या ओव्या म्हटल्या होत्या, हे तिच्या तोंडून लिहून घ्या. बस्त्याला जाल तेव्हा यंत्रमागावरच्या नकली पैठणीऐवजी, तितक्याच पैशात, हातमागाची इरकली किंवा नारायणपेठी मागून पाहा. दुकानदाराजवळ नसेल तर ती मागवावयास सांगा, कारण गिऱ्हाइकाने मागितल्यावाचून दुकानदार ती आणणार नाही आणि दुकानदाराने आणल्यावाचून विणकराचा माग चालणार नाही. आणि यादीत फुलांच्या कमानीचा आणि ड्रोनच्या छायाचित्रकाराचा खर्च मांडण्याअगोदर कासाराचा, कुंभाराचा, हलगीवाल्याचा आणि बाशिंग करणाऱ्याचा मोबदला मांडा; तो पूर्वीसारखा पसाभर धान्याचा आणि मांडवाबाहेरच्या पंगतीचा नव्हे, तर त्यांच्या कसबाला साजेल असा रोख, आणि आत, सर्वांच्या बरोबरीने बसवून दिलेला असावा.